चहाची घंटी

घड्याळकाकांच्या घरी तिने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला आणि पडद्यावरची एकुलती एक लाल ओळ त्यांच्याकडे वळवली. काकांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पण पाहिलं ते आधी तिच्याकडे.

"म्हणजे माझी गच्छंती करायला आलीस."

"तुमची नाही हो काका. तुमच्या लायब्ररीची."

"एकूण एकच."

ते हसले, म्हणून तिला जास्तच वाईट वाटलं. तारखा आणि वेळेचा हिशोब ठेवणारी ती लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, काकांनी ऐन उमेदीत लिहिली होती आणि अख्खी ऑपरेटिंग सिस्टम तिच्या जिवावर चालायची. ऑफिसने त्यांना घड्याळकाका म्हणायला सुरुवात केली ती त्यावरूनच. आता काका निवृत्त झाले होते, लायब्ररी थकली होती, आणि तिच्या जागी बसायला आलेली नवी लायब्ररी लिहिली होती काकांच्याच हाताखाली शिकलेल्या हिने. गेले कित्येक महिने ती एकेका प्रोग्रॅममधली जुनी काढून नवी बसवत होती. सगळे मुकाट्याने वळले. अडून बसली ती एकटी चहाची घंटी; ती लाल ओळ तिचीच होती.

घंटी हा काकांचाच गमतीचा प्रोग्रॅम. दुपारी सगळ्यांच्या मशीनवर टण्ण वाजायचं आणि कोपऱ्यातल्या किटलीभोवती माणसं गोळा व्हायची. तिथल्या डगमगत्या टेबलावर कपाच्या बुडाने ओली वर्तुळं उमटवत काकांनी तिला काम शिकवलं होतं. काय दिवस होते ते! आता ते टेबल नाही, किटली नाही, माणसं घरून काम करतात. घंटी मात्र अजून वाजते आणि जो तो आपापल्या ओट्यावर चहा ठेवतो. घंटी मुकी करून नवी आवृत्ती पाठवायला तिचा हात धजत नव्हता.

"घंटी तुमच्या लायब्ररीतल्या एका फंक्शनला वेळ देते," ती म्हणाली. "ते बरीच उलटापालट करतं आणि तीच वेळ परत देतं. कशासाठी, ते काही कळलं नाही. पण तुम्ही लिहिलंय म्हणजे कारण असणार, म्हणून हात लावला नाही."

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"काहीच करत नाही ते."

"म्हणजे?"

"नुसता द्राविडी प्राणायाम. घड्याळ बघायला घंटीला माझी लायब्ररी कशाला हवी? मुद्दाम बांधून ठेवली होती. म्हटलं, लायब्ररी काढायला कुणी आलंच, तरी सगळ्यांचा चहा बंद करायची छाती व्हायची नाही."

तिला हसू आलं. काकांनी लॅपटॉप ओढून घेतला. दोन बोटांनी, सावकाश टाइप करत त्यांनी घंटीची गाठ सोडवली. लाल ओळ नाहीशी झाली.

"आता शहाणी असशील तर तुझ्या लायब्ररीला बांध," ते म्हणाले. "तुझ्याही दारात येईलच की कुणीतरी एक दिवस."

तिने बोटं कीबोर्डवर टेकवली. मग घंटी मोकळीच ठेवून, आहे तसंच जतन करून तिने नवी आवृत्ती तयार करायला लावली.

"येऊ दे की," ती म्हणाली. "चहा पाजेन."

घंटी वाजायला अजून अवकाश होता. तरीही काका उठले आणि आधण ठेवायला आत गेले.