साकोलीची सहावी खेप

पावसाळ्यात तलावाच्या पाळीवर घसरून तुलारामचे पुढचे दोन दात गेले. मासेमार सोसायटीत चारचौघांत बोलताना त्याचा हात आपोआप तोंडावर जाऊ लागला. शेवटी भंडाऱ्याला दिलेल्या लेकीनं, नीतूनं, साकोलीच्या दवाखान्यात इम्प्लांट ठरवून दिलं.

इथवर त्याच्या बायकोला, मंदाबाईला, काही खटकलं नाही. पण होळीपासून नवरा पाचदा साकोलीला जाऊन आला आणि तोंडातली फट होती तशीच.

"दात कुठी हायत?" तिनं विचारलं.

"हाडात स्क्रू बसवला. त्यावर मंग दात बसते. टाइम लागते."

"चार महिने?"

"डॉक्टरीणबाई म्हनते तसं."

डॉक्टर बाई आहे, हे तिला त्या दिवशी कळलं. मग बाकीचंही दिसू लागलं. निघताना तो धुतलेला सदरा घालायचा, तीनतीनदा चूळ भरायचा. दवाखान्याचे कागद मागितले की म्हणायचा, तिथंच राहिले. शेजारच्या ताराबाईनं भर घातली, "माह्या भाच्याचे दात तर आठ दिवसांत लागले." भाच्याची कवळी होती, पण हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सहाव्या वेळी मंदाबाई लुगडं बदलून एसटीत त्याच्याशेजारी जाऊन बसली.

"तू काहून येऊन राहिली?"

"माही बी दाढ दुखते."

साकोली येईपर्यंत तुलाराम खिडकीबाहेरच पाहत राहिला.

डॉक्टर मोना नीतूच्याच वयाची निघाली. मंदाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि सरळ विचारलं, "बाई, यायच्या तोंडात तुमी खरंच काई बसवलं का?"

डॉक्टरनं कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. जबड्याच्या फोटोत दोन स्क्रू पांढरे दिसत होते. पुढच्या फोटोत त्यांच्याभोवती काळी कडा होती.

"दोन्ही सैल झाले, काकूजी. काढावे लागले. हाड भरलं की पुन्हा बसवू."

"सैल काहून झाले?"

"काकाजी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

तुलाराम छताकडे पाहू लागला.

"तंबाखूचा खर्रा बंद करायला सांगितला होता," डॉक्टर म्हणाली. "दर वेळी म्हणतात, सोडला."

त्या चुळा कशासाठी होत्या, ते मंदाबाईला आता कळलं. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला, आणि त्याच क्षणी असा संताप आला की तिला नवऱ्याकडे पाहवेना.

स्टँडवर बस यायची होती. तिनं हात पुढं केला. तुलारामनं निमूटपणे खिशातली पुडी तिच्या हातावर ठेवली.

"दुसरी?"

"दुसरी नाई."

ती हात तसाच धरून उभी राहिली. थोड्या वेळानं त्यानं टोपी काढली आणि आतली पुडी दिली.

"तुले काय वाटलं होतं?" त्यानं हळूच विचारलं.

"काई नाई," ती म्हणाली आणि दोन्ही पुड्या नालीत टाकल्या.

दिवाळीनंतर स्क्रू पुन्हा बसले. उन्हाळा लागता लागता दात आले. तुलाराम घरी आला तेव्हा मंदाबाईनं त्याला अंगणात, उजेडात उभं केलं.

"खरे हायत का?"

"वढून पाह्य."

तिनं चिमटीत एक दात धरून चांगला ओढला. हलला नाही. दुसराही ओढला. तोही हलला नाही.

"आता तोंड उघडा," ती म्हणाली आणि वास घ्यायला जवळ वाकली.