पुराला ठेवलेली वाट

शिवकन्येला पहिला मुलगा बंकट झाला ते साल निजामाच्या मुलखातलं फसली तेराशे बावीस. त्याच उन्हाळ्यात तिच्या बापानं, आश्रुबानं, तलवाड्याकडच्या गंगथडीला, गोदावरीच्या काठावर, ढासळलेली विहीर नव्यानं बांधायला काढली. आधीची नुसती दगडावर दगड रचलेली होती. मागच्या पुरात सांधीसांधीतून माती आत आली आणि पोहरा गाळात रुतून बसला.

"पोर पहिलटकरीण हाय," भिवराबाई नवऱ्याला म्हणाली. "तिला पुराचं गढूळ पाणीच पाजायचं आसंल तर तिच्या सासूला आताच सांगावा धाडते, पाठवू नका म्हणून."

म्हाळू गवंड्यानं विहिरीत वाकून पाहिलं. "खाली झऱ्यापाशी कोराच दगड ठिवू, चुन्याबिगर, पाणी यायला. वर मातर पक्का चुना. आन् कठडा पुराच्या खुणेवर छातीभर."

आश्रुबाला सगळं पटलं, कठडा सोडून. "मोटेच्या बाजूला न्हाई. कठडा चढला की मोट वढायची बैलांची धावबी चढवावी लागंल. माझा पाखऱ्या म्हातारा झालाय, मोट बुडवायला मागं सरत येवढं चढंल का?"

"बैलाचे गुडघे दिसत्यात. माजे कवा दिसले न्हाईत," भिवराबाई म्हणाली.

म्हाळूनं तीन बाजू उचलल्या, चौथी ठेंगणीच ठेवली. जाताना म्हणाला, "पुराला दार ठिवलंस बे आश्रुबा. आता उंबऱ्याला हळद-कुंकू वहा."

श्रावणात शिवकन्या माहेरी आली आणि भादव्यात गंगा चढली. सकाळी आश्रुबा धावत गेला तर पाणी ठेंगण्या बाजूला टेकलेलं. त्यानं पोत्यांत चिखल भरून बांध घातला. पोती सरकायला लागली तसा मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यात बसला आणि पाठीनं पोती रेटून धरली.

भिवराबाई भाकरी घेऊन आली, मागून म्हाळू. "म्हाळूभावजी, ह्यांनाच चुन्यात बसवा की," ती म्हणाली.

"हा धोंडा लई मऊ हाय वैनी. टाकीच्या घावाला टिकायचा न्हाई."

"हसा, हसा," आश्रुबा दात वाजवत म्हणाला. "पर आधी आजून एक पोतं आणा."

दुपार कलली तसं पाणी उतरलं. विहिरीत थेंब गेला नव्हता. त्याच आठवड्यात बंकट जन्मला, त्याला तिथल्याच पाण्यानं न्हाऊ घातलं.

दसरा झाल्यावर आश्रुबानं म्हाळूला मुकाट्यानं बोलावून चौथी बाजू आणि धाव चढवून घेतली. पाखऱ्या दोन दिवस अडला, मग गुळाच्या खड्यावर चढायला लागला.

"तुमच्यापरीस लवकर उमगलं त्याला," भिवराबाई म्हणाली.

आश्रुबा फसली तेराशे चौतीस साली पौषात तापानं वारला. भिवराबाई त्यानंतर दोन वर्षांनी, चैत्रात गेली.