नवरा, इकडचा आणि तिकडचा

मी ‘नवरा’ बोलतोय. दचकू नका, कुणाचा नवरा नव्हे, ‘नवरा’ हा शब्द! माणसांतले नवरे वेळेवर तोंड उघडत नाहीत, म्हणून तर मला उघडावं लागलं.

माझा जन्म कधीचा, मला विचारू नका. कुणी म्हणतं, नवा वर तो नवरा. खरंखोटं देव जाणे. मराठीत मात्र मी थाटात वाढलो. हळद मला, मुंडावळ्या मला. उतावळा झालो की गुडघ्याला बाशिंग, हे बोलणंही मीच खाल्लं. शेजारच्या गुजरातीत माझं रूप अगदी हेच, पण अर्थ भलताच. तिथे नवरा म्हणजे रिकामा, हाताला काम नसलेला.

मीरा रोडला बेव्हर्ली पार्कमध्ये मी एकाच मजल्यावर दोन्ही अर्थांनी नांदत होतो. इकडे मिनल, उत्तम आणि त्यांचा छोटा निहार, समोर हंसाबेन. हंसाबेनचे यजमान वारले, तेव्हापासून त्या एकट्याच, घरी खाकरे करून विकायच्या. मिनल गिरगावातून आलेली, तिचं गुजराती ‘केम छो’पुरतं. पण मला ती किती मिरवायची! “माझा नवरा ना, त्याला खोटं बोलायला जमतच नाही,” असं सगळ्या बिल्डिंगला सांगायची. मी नुसता फुगायचो.

एका शनिवारी ती भरली वांगी घेऊन समोर गेली. दार उघडंच होतं. हंसाबेन भावाशी फोनवर बोलत होत्या, “उत्तमभाई नवरा छे...”

झालं! मिनलनं वाटी दाणकन दारातच ठेवली. अगं बाई, नवऱ्याला ‘भाई’ कोण म्हणतं? मी जीव तोडून सांगत होतो. पण डोकं फिरलं की कानाला अर्धंच ऐकू येतं.

“कोणाचा नवरा, हंसाबेन? जरा मला पण सांगा!”

हंसाबेननी गडबडून फोन ठेवला. मग भानगड लक्षात आली आणि त्या पोट धरून हसायला लागल्या. “अरे मिनलबेन! नवरा मतलब फ्री, काम नहीं जिसको! दिवाळीपासून तुमचे उत्तमभाई घरे बेठा छे ना, तो भाईला बोलली, दुकानात काही काम असेल तर...”

मिनलचा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं.

“तुमको... बताया नहीं?”

नव्हतं सांगितलं. रोज सकाळी उत्तम डबा घेऊन निघायचा आणि ऑफिसऐवजी बसनं भाईंदरपलीकडच्या डोंगरीला जाऊन बसायचा. हंसाबेननी त्याला एकदा बसमध्ये गाठलं, तेव्हा त्यानं त्यांच्यापाशी मन मोकळं केलं.

संध्याकाळी तो आला. मिनलनं शांतपणे विचारलं, “डबा कुठे खाल्लास?”

“ऑफिसात. कुठे म्हणजे?”

“ऑफिस कुठलं, उत्तम? सकाळी उठून मी चपात्या लाटतेय, आणि तू...”

“तुला टेन्शन नको म्हणून गं.”

“मला टेन्शन नको, आणि शेजारणीला सांगितलेलं चालतं? नोकरी गेली, जाऊ दे. दोघांनी भाकरतुकडा खाल्ला असता. पण मी परकी झाले रे तुला!” आणि ती हमसून हमसून रडली.

त्या दिवसापासून तिनं मला तोंडातून टाकलं. उत्तमला ती आता ‘निहारचा बाबा’ म्हणते. विश्वासघात त्यानं केला आणि वाळीत पडलो मी! तुम्हा नवरेमंडळींना हात जोडून सांगतो, बाहेर जे बोलायचं ते आधी घरात बोला. माझी अब्रू तुमच्या जिभेवर आहे.

परवा हंसाबेन पेढे घेऊन आल्या. भावानं उत्तमला भाईंदरच्या दुकानात कामाला ठेवलं होतं. दारातूनच आनंदानं ओरडल्या, “मिनलबेन, अब उत्तमभाई नवरा नथी!”

मिनलनं पेढा घेतला. म्हणाली, “हो हंसाबेन. ते मला त्या शनिवारीच कळलं.”

हंसाबेन गुजरातीत बोलल्या होत्या. मिनलनं मराठीत ऐकलं. या वेळी मुद्दाम.