नववी टीप

१९८४ साली धाकट्या दिराने तिच्या नवऱ्याला बिस्किटांच्या कारखान्यातून बाहेर काढलं. त्या धसक्याने तो वर्षभरात गेला. भागधारकांच्या सभेत ती जाब विचारायला उभी राहिली, तर अध्यक्षाच्या खुर्चीतून दीर हसला. "वहिनी, ताळेबंद म्हणजे स्वेटरचा नमुना नव्हे. बसा खाली."

ती बसली, पण तेव्हापासून कारखान्याचा वार्षिक अहवाल अथपासून इतिपर्यंत वाचू लागली. ताळेबंदाखालच्या नवव्या टिपेत तिला कळलं, की कारखान्याखालची जमीन अजून सासऱ्यांनी घेतली त्याच किमतीला दाखवली आहे; आजच्या भावाने ती कितीतरी पट मोलाची होती. कर्ज काहीच नव्हतं. दीर लाभांश देत नसे, म्हणून शेअर मात्र मातीमोल झाला होता. शिकवण्यांच्या पैशांतून ती बारा वर्षं तो घेत राहिली आणि वैतागलेल्या भागधारकांना ती टीप वाचून दाखवत राहिली. दीर अहवालावर न वाचताच सही करायचा.

बाराव्या वर्षी अध्यक्षपदासाठी मतदान झालं, निम्म्याहून जास्त मतं तिच्या बाजूने पडली आणि दीर खुर्चीतून ताडकन उठला.

"भाऊजी," ती म्हणाली, "आता तुम्ही बसा खाली."

तो पुढे आपल्या मुलीकडे राहिला. वहिनी अध्यक्ष झाली, तिने एकही शेअर विकला नाही. दर वर्षी तो असेपर्यंत ती त्याला अहवाल पाठवायची, नवव्या टिपेखाली लाल रेघ मारून.