नसलेल्या हाताची मूठ

मी एक आरसा बोलतोय. खरं तर आरशाचा तुकडा. जेमतेम वीतभर उरलोय. बाकीच्या मला अक्षतानं खराट्यानं गोळा केलं, पोत्यात भरलं आणि जनावरांच्या पायात काच जाऊ नये म्हणून बांधाला खोल पुरलं. अक्षता म्हणजे गुरप्पाची बायको. गुरप्पा कोण आणि मी फुटलो कसा, तेच सांगायला बसलोय. फुटक्या आरशाचं तोंड बघू नये म्हणतात. नका बघू, नुसतं ऐका.

माझा जन्म फार सांगण्यासारखा नाही. सोलापुरातल्या एका काचेच्या दुकानात मला मोठ्या काचेतून कापलं, कडा घासल्या आणि सिद्धूच्या सलूनच्या भिंतीवर ठोकलं. तिथंच माझी उमेदीची वर्षं गेली. सिद्धू गिऱ्हाइकाची मान धरून माझ्याकडं वळवायचा आणि मला माणसाचे एकेक मासले बघायला मिळायचे. टकलावर चार केस उरलेला गडी "मागं जरा दाट ठेव" म्हणायचा. खुर्चीत मावत नसलेला माणूस पोट आत ओढून बसायचा आणि स्वतःवरच खूश व्हायचा. देखणं पोरगं गालावरच्या एका पुटकुळीपायी रडकुंडीला यायचं. मी दाखवायचो एक आणि हे बघायचे भलतंच. हळूहळू मला कळलं, की प्रत्येकाच्या डोक्यात त्याच्या देहाचं एक वेगळंच चित्र टांगलेलं असतं. माझ्यापुढं बसूनही माणूस बघतो ते तेच चित्र.

मला त्यांचं हसू यायचं. आपलं काम कसं, जे आहे ते दाखवायचं. एका केसाची लबाडी कुणी शोधून दाखवावी! हा माझा ताठा होता आणि तो बरीच वर्षं टिकला.

पुढं सिद्धूनं दुकान नवं केलं, भिंतभर आरसे बसवले आणि मी मोरीजवळ टेकून उभा राहिलो. तिथून मला संघप्रियानं उचललं. ती त्याच गल्लीतली. इस्पितळात लोकांचे आखडलेले हातपाय मोकळे करायचे, त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा, हे तिचं काम. "सिद्धू, हा पडून आहे तर देतोस का? एका पेशंटला पाहिजे," एवढंच ती म्हणाली.

तो पेशंट म्हणजे गुरप्पा. अक्कलकोटकडच्या एका गावात त्याची शेती आणि दावणीला म्हशी. वर्षापूर्वी वैरण कापायच्या कडबाकुट्टी यंत्राच्या पट्ट्यात त्याची बाही अडकली आणि उजवा हात मनगटाच्या वर चेचला गेला. इस्पितळात तो कोपराच्या खालून काढावा लागला. जखम भरून आली, पण गेलेला हात दुखायचा थांबेना.

"मूठ हाय बगा हितं," जिथं काहीच नव्हतं तिथं बोट दाखवून तो संघप्रियाला सांगत होता. "गच्च मिटलीया. नखं तळव्यात रुतल्याती. सोडाय गेलं तर सुटंना. झोप न्हाय, जेवान न्हाय. डाक्टरला म्हनलं, कोपर बी काडा, वरनं कापा. त्यो ऐकंना."

"आणखी कापून काही व्हायचं नाही," संघप्रिया म्हणाली.

"तुमी न्हाय कापलं तर मी कापतो की. यंतर घरातच हाय."

शेजारी बसलेल्या अक्षतानं पदर तोंडाशी नेला. सलूनमध्ये वर्षं काढलेल्या आरशाला माणूस थापा कधी मारतो ते कळतं. गुरप्पा थापा मारत नव्हता. माझ्यात त्याचा चेहरा पडला होता आणि तो मला सोसवत नव्हता.

गावात त्याचं दुखणं कुणी खरं धरत नव्हतं. भावकीतले बापूसाहेब चारचौघांत म्हणायचे, "हातच न्हाय तर दुकतंय काय? कामाचा कट्टाळा हाय, दुसरं काय!" त्याची आई सुंदरम्मा तेवढी खरं धरायची, पण तिचं खरं वेगळं होतं. ही माणसं लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की जाळत नाहीत; बसवून, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन पुरतात. इस्पितळानं कापडात गुंडाळून दिलेला लेकाचा हात तिनं वावराच्या कोपऱ्यात, वाडवडलांच्या शेजारी पुरला होता. रिकामा कसा धाडायचा, म्हणून तळव्यावर विभूती ठेवली आणि पाची बोटं आपल्या हातानं मिटली. आता ती मूठ मातीखाली अवघडलीय आणि म्हणून पोर तळमळतंय, असं तिच्या मनानं घेतलं. "उकरते आन् बोटं सरळ करते," म्हणून ती मागं लागली होती. गुरप्पा तिला करू देत नव्हता.

संघप्रियानं हे सगळं ऐकून घेतलं. हसली नाही.

"दुखणं खोटं नाही, गुरप्पा. हात नाही, एवढंच. असं समजा, मेंदूत सगळ्या अंगाचा सातबारा असतो. हात गेला, पण त्याचं नाव तिथून अजून कमी झालेलं नाही. मेंदू हुकूम सोडतोय, मूठ उघड. उघडल्याचा निरोप काही येत नाही. म्हणून दुखणं सुटत नाही. आपण तो निरोप डोळ्यांवाटे पाठवू."

तिनं मला टेबलावर त्याच्या छातीसमोर उभं धरलं. डावा हात माझ्या तोंडाकडं, उजवा थोटा हात माझ्या पाठीमागं. "डावी मूठ मिटा. आरशात बघा. आता दोन्ही मुठी एकदम सोडायच्या. सावकाश."

गुरप्पानं डावी मूठ सोडली. माझ्यात उजवी मूठ उघडली, एकेक बोट करून. त्या क्षणी मी जन्मात पहिल्यांदा खोटं बोललो. जो हात मातीत गेला होता, तो मी धडधाकट करून दाखवला.

गुरप्पा लहान पोरासारखा रडायला लागला. "सुटली," म्हणाला, "सुटली की ओ!"

मला चक्कर यायची बाकी राहिली. त्याला ठाऊक होतं की हे खोटं आहे. तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. तरी मूठ सुटली. मग दुखणारा होता तरी कोण? अंग म्हणावं, तर अंग तिथं नव्हतंच. मन म्हणावं, तर मनाला खरं काय ते पक्कं माहीत होतं. सलूनमधल्या ज्या चित्राला मी हसत आलो, तेच इथं माणसाला पिळून काढत होतं आणि तेच त्याला सोडवतही होतं. माझा ताठा त्या दिवशी उतरला.

मला घेऊन दोघं गावी आली. सुंदरम्मानं उंबऱ्यातच अडवलं. "गेलेला हात आरशात जित्ता करायचा न्हाय माज्या घरात." म्हणून माझी सोय गोठ्यात झाली. कडब्याच्या पेंढ्यांना टेकवून मला ठेवलं आणि माझ्या बरोबर समोर ते यंत्र. रोज सकाळी गुरप्पा येऊन बसायचा, मूठ मिटायचा, सोडायचा. कधी सुटायची, कधी अर्धवट सुटायची. तो मान वर करायचा तेव्हा त्याची नजर यंत्राच्या तोंडावर जायची आणि तिथंच थांबायची. मी माझ्याकडून होईल तेवढा लखलखायचो, की बाबा, इकडं बघ.

आणि मग तो दिवस आला. त्या आठवड्यात गावाला दुपारची लाईट होती. लाईट यायला अजून थोडा अवकाश होता. शेजारची निंगव्वा गोठ्याच्या तोंडाशी आली आणि धापा टाकत म्हणाली, "गुरप्पा, तुजी आई कुदळ घेऊन वावरात गेलीया. अक्षता मागनं पळालीया तिला धराय."

एवढं बोलून तीही तिकडंच धावली. गुरप्पा जागचा हलला नाही. त्याच्या थोट्या हाताचे स्नायू ताठले आणि मला कळलं, मूठ मिटली. आजवर मिटली नव्हती इतकी. तो माझ्यासमोर येऊन बसला. डावा हात पुढं केला, मिटला, सोडला. माझ्यात उजवी मूठ उघडली. पुन्हा मिटला, पुन्हा सोडला. पण चित्र माझ्यात होतं आणि त्याचं लक्ष वावरात, त्या कुदळीवर होतं. मी खोटं बोलत राहिलो आणि ते ऐकायला कुणी नव्हतं.

"खोटारड्या!" तो ओरडला आणि त्यानं मला लाथ घातली.

मी फुटलो. फुटण्याचं दुःख करायला मला सवड मिळाली नाही. माझा एक तुकडा पेंढीला अडकून उभा राहिला होता आणि त्यात दिसत होतं ते भयंकर होतं. गुरप्पानं खांबावरचं बटण दाबून ठेवलं, यंत्राशी गेला, बाही वर सारली आणि कोपर यंत्राच्या तोंडात दिलं.

लाईट नव्हती. यंत्र गप्प होतं. तो वाट बघत उभा राहिला.

मला हात नाहीत, तोंड नाही. शेजारच्या बोअरची मोटार घरघरली की समजायचं लाईट आली, एवढं मला माहीत होतं. मी कानात प्राण आणून ऐकत होतो. एक म्हैस हंबरली, तेवढ्यानंही माझा जीव उडाला.

तेवढ्यात सुंदरम्मा आली. कोपरापर्यंत हात मातीनं भरलेले. तिनं बटण पाहिलं, कोपर पाहिलं. बटणापर्यंत जायचं तर वाटेत गुरप्पाच उभा होता. ती ओरडली नाही. ओरडली असती, तर त्यानं दचकून हात आणखी आत सारला असता.

"गुरू," ती म्हणाली. "मी उकरलं."

तो वळला नाही. "केली बोटं सरळ?"

"कुटली बोटं, लेकरा? मूठच न्हाय तितं. बारकी बारकी हाडं हायती, सुटी सुटी. मी मिटल्याली मूठ मातीनं कवाच उगडलीया."

"मग ही का मिटलीया?" त्याचा आवाज फाटला. "ही का सुटंना, अव्वा?"

"ते मला न्हाय ठावं," ती म्हणाली. आणि बोलता बोलता त्याच्या पाठीशी जाऊन टेकली. त्याच्या उजव्या काखेखालून तिनं आपला उजवा हात पुढं काढला, जिथं त्याचा असायला हवा होता बरोबर तिथं. सुरकुतलेला, नखांत माती, मनगटात झिजलेलं चांदीचं काकण. तिनं मूठ आवळली. इतकी आवळली की शिरा टरारल्या.

"ही तुजी मूठ. बग हिकडं. मी मिटली हुती न्हवं? मीच सोडते." आणि मग त्यांच्या कानडीत, त्याच्या कानाशी, त्याला लहानपणी हातातली माती टाकायला सांगत असेल तशी म्हणाली, "बिडो, मगा. बिडो." सोड, बाळा, सोड.

करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. म्हातारपणी आखडलेली बोटं ती. तिलाही ती उघडताना दुखत होतं. गुरप्पा त्या हाताकडं टक लावून बघत होता. अंगठा सुटला. तळवा उघडला. मातीनं माखलेला, रिकामा.

गुरप्पाच्या खांद्यातला ताठा गेला. त्याचं कोपर यंत्राच्या तोंडातून आपोआप बाहेर आलं आणि तो आईच्या अंगावर कोसळला. दोघं भुईवर बसली, माझ्याच काचांमध्ये.

तेव्हा बोअरची मोटार घरघरली. यंत्र धाडकन सुरू झालं आणि रिकाम्या तोंडानं हवा चावत राहिलं. उकरलेला खड्डा बुजवून मागनं धावत आलेल्या अक्षतानं बटण बंद केलं आणि मगच तिला रडू फुटलं.

पुढच्या खेपेला त्यांनी हे सगळं संघप्रियाला सांगितलं. ती म्हणाली, "दुसऱ्याचा हात बघूनही मेंदूला निरोप पोचतो, असं वाचलंय मी. पण कुणाचाही हात चालेल का, ते सांगता येत नाही."

आता मी खिडकीत असतो. यंत्र विकून टाकलं. गुरप्पा डाव्या हातानं माझ्यात बघून दाढी करतो, जागोजाग कापून घेतो आणि मला शिव्या घालतो. दुखणं पुरतं गेलेलं नाही. मूठ अधूनमधून मिटते. तेव्हा तो मला हाक मारत नाही, "अव्वा" म्हणून हाक मारतो. सुंदरम्मा हातातलं पीठ झटकून येते आणि त्याच्या पाठीशी बसते. ती थकलीय. म्हणून हल्ली अक्षता तिच्या शेजारी बसून बघत असते, हात कुठून पुढं काढायचा ते.

हातच्या काकणाला आरसा कशाला, ही म्हण मला पूर्वी फार झोंबायची. आता झोंबत नाही. तुमच्यात कुणी म्हणालं, की माझं नसलेलं काहीतरी दुखतंय, तर त्याला हसू नका आणि लगेच मला शोधायलाही धावू नका. आधी त्याच्या पाठीशी बसा आणि आपला हात पुढं करा. तेवढ्यानं नाही भागलं तर आम्ही आरसे आहोतच. खोटं बोलायला आता मला लाज वाटत नाही.