भोपळ्याचा खटला

मुळ्याचं बी रागावून पेरलं तर मुळा तिखट निघतो, हे मी आजवर गावभर सांगत आलो. ज्याला सांगितलं त्याने मान डोलावली. दोन पेट्यांत मुळे पेरावेत, एका पेटीला रोज सकाळी शिव्या द्याव्यात, दुसरीला गोंजारावं आणि मग माझे डोळे बांधून दोन्हींतले मुळे मला खायला घालावेत, असं कोणालाही सुचलं नाही. माझ्या नातीला सुचलं. ज्या मुळ्याने माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी काढलं, तो लाडाचा निघाला.

नातीला घरात सगळे वकिलीणबाई म्हणतात. ती शाळेत जात नाही, तिची शाळा घरीच भरते, जेवणाच्या टेबलावर आणि मागच्या अंगणात. गणित तिचा बाप शिकवतो. तो वजनकाटे दुरुस्त करतो, त्यामुळे त्याच्या गणितात आंबे-पेरू नसतात, ग्रॅम असतात. विज्ञान सूनबाईकडे. ती बियाणं तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदावर बिया मांडायच्या आणि किती उगवल्या, किती रुसल्या ते मोजायचं. आणि झाडांच्या शास्त्राचा इतिहास माझ्या वाट्याला आला, कारण घरातली जुनी वस्तू मीच. खरं तर माझ्याहून जुनी माझी थोरली बहीण, अक्का. पण स्वयंपाकघर सोडून दुसरं कुठलंही खातं घ्यायला तिने साफ नकार दिला.

माझा तास न्याहारीनंतर, मागच्या पायऱ्यांवर. मी वरच्या पायरीवर, ती खालच्या, मांडीवर पाटी घेऊन. सूनबाईची अट एकच होती, "बाबा, गोष्ट खरी हवी." वकिलीणबाईने त्या अटीचा कायदा केला. प्रत्येक गोष्ट बागेत तपासायची, आणि तीन खोट्या निघाल्या की माझा तास बंद. त्यातल्या त्यात एक सवलत होती. एका वेळी एकच खटला. जुन्याचा निकाल लागेपर्यंत नव्या गोष्टीवर खटला भरायचा नाही.

मुळ्याच्या आधी घेवडा झाला होता. घेवड्याची बी उलटी पेरली तर मुळं आभाळाकडे जातात आणि शेंगा जमिनीखाली लागतात, असं मी ठोकून दिलं होतं. तिने काचेच्या बरणीला आतून टिपकागद लावला, त्यात बिया उलट्या, सुलट्या, आडव्या अडकवल्या आणि रोज पाणी शिंपडलं. सगळ्या मुळांनी वळसा घेऊन निमूटपणे खालची वाट धरली. एकालाही माझी दया आली नाही.

"आजोबा, दोन झाल्या," ती म्हणाली. "आता तिसरी."

"आणि मग इतिहास कोण शिकवणार?"

"शेजारचे पोस्टमास्तरकाका. त्यांना सगळ्या सनावळ्या पाठ आहेत."

पोस्टमास्तर भला माणूस आहे. पण तो बोलायला लागला की भिंतीवरची पालसुद्धा जांभई देते, आणि तोंड उघडं असल्याने समोरची माशी वाचते. त्याच्यापुढे माझी नात बसणार, आणि मी काय करणार? तण उपटणार. सकाळी त्या पायरीवर तिचं डोकं दिसत नसलं तर माझा उरलेला दिवस कुठून सुरू करायचा, हेच मला कळेना. माझी पाचावर धारण बसली. म्हणून मी असं काही केलं जे मी फारसं करत नाही. मी खरी गोष्ट सांगितली.

"चारशे वर्षांपूर्वी एक डॉक्टर होता," मी म्हणालो. "त्याला प्रश्न पडला, की झाड वाढतं ते काय खाऊन? सगळे म्हणायचे, माती खाऊन. तेव्हा त्याने माती वाळवली, तोलली, पिंपात भरली आणि त्यात वाळुंजाचं रोप लावलं. पाच वर्षं नुसतं पाणी घातलं. झाडाचं वजन झालं एका भरल्या अंगाच्या माणसाएवढं. आणि माती? मूठभरसुद्धा कमी झाली नाही!"

वकिलीणबाईने पेन्सिल कानावर ठेवली. "थाप."

"अगं, शप्पथ खरं!"

"मुळ्याच्या वेळी पण शप्पथच होती. माती खात नाही तर आपण खत कशाला घालतो? हवा खाऊन वाढतं का झाड?"

आता काय सांगू? जन्मभर थापा पचल्या, आणि एकदा खरं बोललो तर ते घशात अडकलं.

खटला उभा राहिला. अंगणात पत्र्यावर माती पसरून वाळवली, ढेकळं फोडली, चाळली. बापाने दुकानातून पोती तोलायचा काटा आणला, वजनं ठेवून आधी तो तपासला, मग चाळीस किलो माती पिंपात मोजून दिली. वाळुंजाला पाच वर्षं कोण थांबणार, म्हणून भोपळा लावला. पाणी घालायचं काम वकिलीणबाईचं, एकटीचं. माझ्यावर विश्वास नव्हता, आणि तो नव्हता हे बरोबरच होतं.

वेल चढली. कुंपण ओलांडून पोस्टमास्तरच्या खिडकीपर्यंत गेली आणि त्याच्या सनावळ्या ऐकून परत फिरली. हा माझा अंदाज. खटला चालू होता तोवर दुसरा भरता येत नव्हता, त्यामुळे सकाळच्या तासाला मला रान मोकळं होतं. मी सांगितलं, की माझ्या मामाच्या परसातल्या दुधीत एक माणूस भाड्याने राहायचा. गाजरं मुळात निळी होती, लाजून लाल झाली, हेही सांगितलं. एका माळ्याने जमिनीला कान लावून कांद्याचा वाढायचा आवाज ऐकला, आणि तो आवाज त्याच्या बायकोच्या घोरण्यासारखा निघाला. ती पाटी बाजूला ठेवून, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ऐकायची. "मग? भाडं किती होतं?" एवढंच विचारायची.

भोपळा पिकला, देठ वाळला, आणि निकालाचा दिवस आला. वेल, पानं, भोपळा, सगळं मिळून नऊ किलोंच्या वर भरलं. मुळं झटकली, माती पुन्हा पत्र्यावर वाळवली, चाळली, काट्यावर चढवली. माझ्या मुलाने काट्याकडे पाहिलं. मग वजनं उतरवून पुन्हा ठेवली.

"चाळीस किलोत पाऊण किलोचा फरक," तो म्हणाला.

"कमी?" नातीने विचारलं.

"जास्त."

माती कमी होणार नाही, असं मी म्हणालो होतो. वाढेल, असं मी झोपेतसुद्धा म्हटलं नसतं.

"तुझा काटा बिघडलाय," मी मुलाला म्हणालो.

"बाबा, तुम्ही मला काहीही म्हणा. काट्याला नाही."

वकिलीणबाई माझ्याकडे बघत होती. पेन्सिल पाटीवर टेकलेली. माझ्या जिभेवर आयतीच एक गोष्ट आली, की काही वेली उपकार ठेवत नाहीत, जेवढं घेतात त्याहून जास्त परत करतात. सुरुवातही केली, "अगं, भोपळ्याची जातच मोठी मानी..." आणि पेन्सिल हलली. मी तोंड मिटलं.

"का वाढली, आजोबा?"

"मला नाही माहीत," मी म्हणालो. तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

मग ती स्वतः मातीपाशी बसली. बोटांनी चिवडली, पांढऱ्या कागदावर चिमूट टाकली, भिंगातून पाहिलं, नाकाशी नेली. "यात काळं काहीतरी आहे. पानांचे तुकडे. आणि हे अंड्याचं कवच!"

स्वयंपाकघराच्या दारात अक्का उभी होती, हातात चहाची किटली. "बघता काय सगळे? चहाचा चोथा आहे तो, कधी अंड्याची टरफलंही. रोज पानांच्या खाली बोटाने गाडत होते."

"आत्याआजी!"

"आत्याआजी काय? नुसत्या पाण्यावर ठेवली होती तिला. तिच्या पोटात एवढा मोठा भोपळा, आणि तुम्ही बसलात शास्त्र करत. उपाशी पोटी कोणाचं बाळंतपण होतं का गं? भोपळा झाला तो माझ्या चहावर!"

माझा मुलगा पाठ फिरवून काट्याची वजनं पुसायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

एवढ्यात सूनबाई कामावरून आली. तिने सगळं ऐकून घेतलं, पिंपाकडे पाहिलं आणि विचारलं, "पण झाकण कुठाय?"

"कसलं झाकण?"

"बाबा, त्या डॉक्टरने पिंपावर पत्र्याचं भोकं पाडलेलं झाकण ठेवलं होतं. बाहेरची धूळसुद्धा आत पडू नये म्हणून."

वकिलीणबाई सावकाश माझ्याकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"गोष्टीत अडत होतं गं. झाड भराभर वाढतंय, ऐकणारा पुढे सरसावलाय, आणि मध्येच पत्र्याचं झाकण! रंग जातो."

म्हणजे जन्मात एकदा खरं सांगितलं, आणि त्यातूनही नेमकं तेच गाळलं ज्याने मी जिंकलो असतो.

सूनबाई हसली आणि तिने नातीला जवळ बसवलं. झाडाचा जवळजवळ सगळा देह पाण्याचा आणि हवेचा बनतो, तेही उन्हाच्या जोरावर, मातीतून लागतं ते चिमूटभर, जेवणात मीठ लागावं तसं, आणि खत असतं ते त्यासाठी, हे तिने सांगितलं. "त्या डॉक्टरला मात्र वाटलं, झाड नुसत्या पाण्याचंच. हवेचं काम त्याच्या लक्षात आलं नाही."

"म्हणजे तोही चुकला?"

"अर्धा."

"मग त्याचा तास बंद केला?"

"नाही गं. पुढच्या लोकांनी त्याच्या प्रयोगावर आणखी प्रयोग केले."

वकिलीणबाई पाटी घेऊन उठली. अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मी पोस्टमास्तरच्या खिडकीकडे बघायचं टाळलं.

"गोष्ट खरी असेल," ती अखेर म्हणाली. "पण आपल्या पिंपात ती सिद्ध झाली नाही. आणि खोटीही ठरली नाही. निकाल राखून ठेवला. पुन्हा माती वाळवायची, पुन्हा लावायचं. या वेळी झाकण."

"आणि माझा तास?"

"खटला चालू असताना तास बंद करता येत नाही. आणि नवा खटलाही भरता येत नाही. कायदा आहे."

दुसऱ्या दिवशी न्याहारी झाल्यावर मी पायरीवर गेलो, तर ती पिंपापाशी. बापाने पत्रा गोल कापून, कडा घासून दिला होता आणि वेल वर यायला मधे खाच ठेवली होती. ती पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा घेऊन खिळ्याने भोकं पाडत होती. थोड्या वेळाने तिने खिळा ठेवला आणि छिन्नी घेतली. मग त्याहून रुंद छिन्नी. एकेका भोकातून चहाचा चमचा सहज आत गेला असता, किंचित तिरका धरला तर चोथ्याने भरलेलासुद्धा.

"एवढी मोठी भोकं?" मी विचारलं.

"पाणी जायला नको का?" माझ्याकडे न बघता ती म्हणाली, आणि हातोडी मारत राहिली. "तुम्ही बसा ना, आजोबा. तो दुधीतला भाडेकरू, त्याचं पुढे काय झालं?"