वर्दियाचा ताकाचा भोपळा

मित्रांनो, मी एक जुना भोपळा आहे. तुम्हाला गणितात मिळतो तो नव्हे; अल्जीरियातल्या काबिल डोंगरातला, घुसळणीचा. वर्दियाआजीने मला वाळवले, पोखरले, तोंडाला बूच बसवले आणि दोरीने तुळईला टांगले. रोज सकाळी ती मला झुलवायची आणि मी लोणी-ताक द्यायचो. ती मला कधी घासून काढत नसे, कारण माझ्या पोटात चिकटलेले जिवाणूच दुधाला विरजण लावत.

एकदा दवाखान्यातली नर्स म्हणाली, "हे ताक आतड्याला चांगलं. कॅन्सरपासूनही थोडंफार राखत असेल, अजून अभ्यास चाललाय. पण शौचातून रक्त पडलं तर ताक पीत बसू नका, तपासायला या."

वर्दियाचा मुलगा मोकरान याने सोयीचे तेवढेच ऐकले. बाजारात तो ओरडू लागला, "हे ताक प्या! आमच्या घरात 'तो आजार' शिरत नाही!" आमच्या गावात कॅन्सरचे नाव घेत नाहीत. नाव घेतले की तो येतो, म्हणतात. तेव्हा मीही फुगलो होतो, खोटे कशाला बोलू?

मग वर्दियालाच रक्त पडू लागले. सून जुहर नवऱ्याला म्हणाली, "अहो, आईंना दवाखान्यात नेऊ या."

"आणि लोक काय म्हणतील? ताकवालीच आजारी?" मोकरान आईकडे वळला, "यम्मा, अजून एक वाडगा घे."

"घेते रे बाबा," वर्दिया म्हणाली. "माझा भोपळा मला दगा द्यायचा नाही."

मला लाज वाटली. दोन महिन्यांत तिला मला झुलवणेही जमेना. शेवटी जुहर किंचाळली, "कॅन्सर आहे हा, कॅन्सर!"

मोकरानने तिच्या मुस्कटात फाडकन मारली. "तूच बोलावलंस त्याला, अवदसे!"

मग वर्दियाला शहरात नेले. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या रक्तालाच आणायचं होतं." महिनाभरात वर्दिया गेली. जुहरला माहेरी हाकलले. मी तुळईला कोरडा लटकतो. पोटातले जिवाणूही मेले.

मित्रांनो, ताक जरूर प्या. पण भोपळ्याला डॉक्टर समजू नका. रक्त दिसले तर लपवू नका, आणि आजाराचे नाव घ्यायला घाबरू नका. वर्दियाला कोणी मारले असे विचारले, की मोकरान जुहरचे नाव सांगतो. ते नाव घ्यायला त्याची जीभ अडखळत नाही.